पायरीवर वाढवलेल्या बांगड्या

माझं डोकं फिरलं त्या वर्षी भाताची लावणी नुकती आटोपली होती. झोप येईना, भांडी आदळायचे, मध्येच उठून नदीकडे चालू लागायचे. एका सकाळी उमरठच्या रस्त्यावर एसटीसमोर जाऊन बसले आणि कुणाचंच ऐकेना. पोलीस पाटलाने फोन केला, जीप आली, मला महाडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, दंडात सुई दिली आणि हिला आजच रत्नागिरीला मनोरुग्णालयात न्या, असं पोलिसांना आणि सासूला बाजूला घेऊन सांगितलं. मला कुणी काही सांगितलं नाही. वेड्या बाईला काय सांगायचं?

सुईने सगळं बधिर झालं. दिसत होतं, ऐकू येत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय असं वाटत होतं.

सोबतीला एक पोलीस बाई होत्या. त्या सासूला हळूच म्हणाल्या, ते मला पुढे कळलं, "काचेच्या बांगड्या नकोत, गाडीत हाताला लावून घेईल. मंगळसूत्रही काढा."

माझे हात सुजलेले, बांगड्या निघेनात. सासूने साबण मागितला, तो कुठे मिळेना, आणि चालक हॉर्नवर हॉर्न देत होता. शेवटी तिने मला दवाखान्याच्या पायरीवर बसवलं, एक दगड उचलला आणि माझ्या हिरव्या बांगड्या एकेक करून वाढवल्या, मंगळसूत्रही काढून घेतलं. वाढवताना ती रडत होती. तिच्याच लेकाच्या नावाच्या त्या बांगड्या, रडणारच. पण हे मला आज कळतं.

माझे मालक ट्रकवर. तेव्हा ते गोव्याला माल घेऊन गेले होते, वाटेत कशेडी घाट, पावसात रोज काही ना काही कोसळलेलं. आमच्याकडे पोलिसांची जीप येते ती चोराला न्यायला, नाहीतर घरच्यांना प्रेत ओळखायला न्यायला. आणि बायकोच्या बांगड्या दगडाने फुटतात त्या एकदाच. मी मनाशी हिशेब जुळवला.

जीपमध्ये मी काही विचारलं नाही. जीभ जड झाली होती, आणि शेजारी बसलेल्या आईला तिच्या लेकाचं मरण विचारायचं तरी कसं? पदराने मी माझं कुंकू पुसलं. ते कुणी पाहिलं नाही. पोलीस बाई चालकाला म्हणाल्या, "शांत आहे हो. उगाच घाबरत होतो आपण."

घाटात एक ट्रक कलंडलेला होता. मी नंबर बघायला मान वळवली, तर बाईंनी माझ्या डोळ्यांवर हात धरला. "नको बघू," त्या म्हणाल्या. मग उरलीसुरली शंकाही गेली. मला रडू येईना. नवरा गेलाय आणि बायको बसलीय दगडासारखी, एवढंच मनात येत होतं.

रत्नागिरीला फाटकापाशी मालक उभे होते. दिराने फोन केला म्हणून ट्रक हायवेला लावून ते गोव्याहून परस्पर आले होते. ते आमच्याबरोबर आत आले.

डॉक्टरांनी मला विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"सासू, दीर. मालक वारले," मी म्हटलं.

"अगो, मी हाय ना," मालक शेजारून म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. शर्टाला डिझेलचा वास होता. काहीही वाटलं नाही, माझ्या लेखी ते गेलेलेच होते. डॉक्टरांनी मालकांना बाहेर थांबायला सांगितलं आणि मला दाखल करून घेतलं. त्या सबंध दिवसात मी सरळ डोक्याने एवढा एकच अर्थ काढला होता, आणि वेड म्हणून सगळ्यांनी नेमका तोच धरला. याचा मला अजून राग येतो.

रडू आलं पुष्कळ दिवसांनी, एका सकाळी, चहाचा पेला हातात असताना. थांबेचना. नर्स धावत आली. "काय झालं गं? का रडतेस?"

"माझे मालक जिवंत हायत," मी म्हटलं.

ती डॉक्टरांना बोलवायला गेली.