सुभद्राबाईंची शेवटची आंघोळ

परळच्या ज्या चाळीत अंबिका घाडी लग्न होऊन आली, ती पाडून तिथे आता बावीस मजली इमारत उभी आहे. माणसं तीच, फक्त एकमेकांच्या डोक्यावर राहायला गेली. चाळीत कुणी गेलं की अंबिका दाराला कडी लावून आत बसायची. शववाहिनी दिसली की रस्ता बदलायची. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील काविळीने गेले. मोठ्यांनी तिला शेजारी ठेवलं आणि सांगितलं, बाबा गावाला गेलेत. खरं कळलं दोन महिन्यांनी, तेही शाळेतल्या एका मुलीकडून. तेव्हापासून मरण म्हणजे बंद दारामागे घडणारं काहीतरी भयंकर, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच.

मागच्या फेब्रुवारीत तिच्या सासूबाई, सुभद्राबाई, सकाळचा चहा घेऊन आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. डॉक्टर दाखला लिहून गेले. अंबिकाचा नवरा जयवंत नातेवाइकांना फोन करत होता. तेवढ्यात सोळाव्या मजल्यावरच्या कमलकाकी आल्या. चाळीतल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. त्यांनी पुरुषांना बाहेर काढलं आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या अंबिकाला हाक मारली.

"माझ्याच्यान जमणार नाही, काकी."

"कालपर्यंत तूच न्हाऊक घालत होतंस ना हिका? मग आज काय ती बदलली? तू फक्त पाणी ओत."

अंबिका पाणी ओतू लागली. सुभद्राबाईंच्या कानातल्या कुड्यांचं मळसूत्र कमलकाकींना काही केल्या फिरवता येईना. ते उलटं फिरायचं, हे एकट्या अंबिकाला ठाऊक. तिने तांब्या खाली ठेवला आणि पुढे झाली. कान थंड होता, पण कान तोच होता. मग केस तिनेच विंचरले. मागचा गुंता रोजच्या जागीच होता.

सुभद्राबाई गेल्या त्या जागी दिवा ठेवला. दहा दिवस तो विझू द्यायचा नव्हता. पंखा बंद, जेवण शेजाऱ्यांकडून. जयवंत बाहेरच्या धावपळीत अडकलेला, म्हणून तेल घालायचं काम अंबिकावर आलं. दुपारी घरात ती आणि दिवा, एवढंच. पहिले दोन दिवस ती दाराजवळ बसायची, मग जवळ सरकली. चौथ्या-पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आपण इथे बसून तांदूळ निवडतोय.

दहाव्याला ती हट्टाने बाणगंगेवर गेली. पिंडाला कावळा शिवला, सगळ्यांनी तिलांजली दिली. भटजी सामान आवरू लागले तशी ती पुढे झाली.

"माझ्या वडिलांना पाणी द्यायचंय. मला कुणी देऊ दिलं नव्हतं."

"किती वर्षं झाली?"

"त्रेचाळीस."

भटजींनी पिशवीतून पुन्हा तीळ काढले. "नाव सांगा. गोत्र?"

"बुधाजी. गोत्र माहीत नाही."

"मग काश्यप म्हणा."

तिने नाव घेतलं. एवढ्या वर्षांत ते तिच्या तोंडून मोठ्याने निघालं नव्हतं. ओंजळीतलं पाणी सोडलं आणि पायरीवर बसून ती पोटभर रडली. जयवंत बाजूला बसून राहिला.

भीती पार गेली, असं ती म्हणत नाही. इस्पितळाचा वास अजून तिला सहन होत नाही. पण दिवाळीनंतर नवव्या मजल्यावरच्या राधाबाई गेल्या, कमलकाकींचे गुडघे धरलेले, तेव्हा निरोप अंबिकाला आला आणि ती गेली.

परतताना ती काकींना सांगायला थांबली. काकींनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या वेळेक ती जांभळी साडी नेसव. सून पांढरी काढतली."

"कुठली जांभळी? काठाची की बिनकाठाची?"

"काठाची गो," काकी म्हणाल्या आणि कपाटाकडे बोट दाखवलं.

अंबिकाने कपाट उघडून साडी नीट पाहून ठेवली.