काकूंचं अर्धं वाक्य

आमच्या डोक्यावर राहणाऱ्या काकांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे विजेच्या उघड्या तारेनेही कुणाला दिले नसतील. डोक्यावर म्हणजे निगडी प्राधिकरणात, बरोबर आमच्या वरच्या घरात. काका मूळचे कुरुळीचे. गावात कंपन्या आल्या तेव्हा त्यातल्याच एका कंपनीत ते तयार माल तपासायला लागले आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिले. त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट पास तरी असते, रिवर्क, म्हणजे दुरुस्तीला परत, तरी, नाहीतर रिजेक्ट, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान. माझ्या लग्नात त्यांनी बायकोला नीट निरखून "पास" म्हटलं आणि माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला, "रिवर्क."

काकूंना दमा. थंडी पडली, रस्ता खोदला, शेजारी मिरचीची फोडणी बसली, की त्यांचं वाक्य मध्येच तुटायचं आणि उरलेलं काका पूर्ण करायचे. बरोबर की चूक, याची फिकीर नाही. "मला जरा..." म्हणून काकू दम घ्यायला थांबल्या की "चहा पायजे" म्हणत काका गॅसकडे धावत. काकूंना खरं तर खिडकी लावून हवी असायची. त्या मुकाट्यानं चहा पीत.

एकदा डॉक्टर म्हणाले, यांना समुद्राकाठची स्वच्छ हवा मानवेल. दुसरा कुणी असता तर आठ दिवस दापोलीला जाऊन आला असता. काकांनी मला जिन्यात गाठलं. "आमी पोर्तुगालला राहायला चाललोय. कायमचं." माझ्या हातून दुधाची पिशवी पडली आणि फुटली. "काका, दापोली?" "तिथल्या पावसात हिला जास्तच व्हतं. पोर्तुगालात बेताच्या पैशात राहता येतंय. दर महिन्याला घरबसल्या ठरावीक पैसा येतो एवढं दावलं, की लांबचा व्हिसा देत्यात. मला पेन्शन हाय, कुरुळीच्या खोल्या हायेत. अजून काय पायजे?"

खोल्या म्हणजे वडिलोपार्जित तुकड्यावरची पत्र्याची चाळ. लातूर-नांदेडकडून कामाला आलेली मुलं तिथं भाड्यानं राहत. काकूंचा श्वास आता त्यांच्या भाड्यावर अवलंबून होता. काका दर रविवारी जाऊन एकेकाची आईच्या मायेनं चौकशी करू लागले, "ओव्हरटाइम मिळतोय ना भावा? सुपरवायझरशी भांडू नको." एकाचं लग्न ठरलं तेव्हा तो खोली सोडेल या भीतीनं काकांची झोप उडाली. तो बायकोला घेऊन तिथंच राहतो म्हटल्यावर त्यांनी आहेरात छताचा पंखा दिला आणि स्वतः स्टुलावर चढून बसवला.

ट्रायल घेतल्याबिगर लाइन चालू करायची न्हाई, हा त्यांचा नियम. म्हणून पोर्तुगाल आधी निगडीत सुरू झालं. घड्याळ तिथल्या वेळेवर लावलं. भर दुपारी काका गॅलरीत दात घासत उभे आणि खालून जाणाऱ्या कुरिअरवाल्याला "बों दिया!", म्हणजे तिकडचा सकाळचा नमस्कार. तो बिचारा दचकून गाडीवरून पडता पडता वाचला. "जन्मभर तीन शिफ्ट केल्या," काका म्हणाले, "ही चवथी समजायची." काकू आपल्या वेळेला जेवून घेत आणि त्यांचं ताट झाकून ठेवत.

मुंबईच्या व्हिसाच्या मुलाखतीहून काका छाती फुगवून आले. "ऑडिटवाल्याला इचारल्याबिगर एक शब्द जास्त सांगायचा नस्तो. इचारलं तेवढं सांगितलं आन् उठलो." आणि काय सांगू, व्हिसा खरोखरच आला! काका पेढे घेऊन आमच्या घरी आले. मी त्यांचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला. "आणि काकूंचा?"

"ह्यो काय."

"हा तुमचा. काकूंचा अर्ज कुठं केला होता?"

"घरातल्या मोठ्यानं अर्ज केला की घर त्यात आलंच की! कंपनीच्या दवाखान्याचं कार्ड माझ्याच नावाचं व्हतं. हिला औषध मिळत नव्हतं व्हय?"

माझ्या चेहऱ्यावरून काकांना सारं कळलं. पेढ्यांचा पुडा हातात धरून ते खाली फरशीवरच बसले, आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवून म्हणाले, "रिजेक्ट."

माणूस आधी जाऊन मागाहून बायकोला बोलावू शकतो, हे मीच शोधून काढलं आणि वर सांगायला गेलो. काकूंनी ऐकून घेतलं. "जा तुमी..." म्हणून त्या दम घ्यायला थांबल्या. काकांनी मान खाली घातली. "उडत," ते म्हणाले. काकूंनी डोळे मिटून मान हलवली. "...फुडं. घर बघा. मी येते मागनं."

काका पोर्तुगालला गेले. काकूंची वाक्यं आता अर्धी राहू लागली आणि आम्ही थांबायला शिकलो. थांबल्यावर कळलं, की काका पूर्ण करायचे त्याहून काकूंची वाक्यं कितीतरी लांब आणि खट्याळ होती. ती ऐकायची चटक लागते न लागते, तोच त्यांचाही व्हिसा आला आणि त्याही तिकडे गेल्या. आता रविवारी कुरुळीला भाडं गोळा करायला मी जातो. परवा माझ्याच तोंडून "ओव्हरटाइम मिळतोय ना भावा?" ऐकून मी हादरलो.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला. "अरे, हितं समोरची म्हातारी रोज मासळी आणती आन् मला बोलावती, मला तिचं कळत न्हाई, तिला माझं कळत न्हाई, तरी दोघी तासभर बोलतो, काल चढ चढून वर देवळापर्यंत गेले, हे मागं राहिले धापा टाकत..." मी फोन कानाला लावून उभाच राहिलो. सबंध वाक्य. मध्ये कुठं तुटलं नाही.

"आणि काका?"

"हे काय शेजारी बसल्यात. मी कवा थांबते त्याची वाट बघत्यात."

"काकू, तुम्ही..." एवढंच मला म्हणता आलं. तेवढ्यात पलीकडून काकांनी संधी साधली. "जेवलात का, असं इचारतोय तो. सांग, जेवलो म्हनून."

मला वेगळंच म्हणायचं होतं. मी मुकाट्यानं म्हणालो, "हो, तेच विचारत होतो."