तिरक्या टाकीतलं डिझेल

धाडच्या आठवडी बाजारात भगवानरावांची जीप यायच्या आधीच बाया मिरचीच्या गाठोड्यांसह सावली धरून बसलेल्या असत. जीपच्या मागे दोन चाकांचा गाडा, त्यावर मिरची कांडायचं यंत्र आणि त्याची जड मोटार. ज्याच्या घरून विजेची तार मिळेल त्याची मिरची पहिली, हा नियम. होळी झाली की हंगाम सुरू व्हायचा. धाड, चिखली, मेहकर करत करत शेवटचा मुक्काम सुलतानपूरला, कारण ते शालूबाईंचं माहेर. शालूबाई म्हणजे त्यांची बायको.

जीप जुनी, डिझेलची, चारही चाकांना जोर देणारी. सरकारी लिलावात घेतली तेव्हाच तिचा डिझेलचा काटा मेलेला होता. भगवानरावांनी तो कधी बसवला नाही. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलायची, झाकण काढायचं, बांबूची काडी आत सोडायची आणि ओल कुठवर आली ते बोटांनी मोजायचं. काडी पाहून ते सांगत, गाडी अमुक पुलापर्यंत जाईल, आणि गाडी तिथवर जायची. लोक गमतीनं विचारत, “भगवानराव, खामगावले जाऊन याले किती लागन?”

“रिकामी असन तर लिटरले दहा किलोमीटर,” ते गंभीरपणे सांगत. “मांगं गाडा असन तर सात. दुसरी गाडी दोरानं ओढाची असन तर चार. चढ लागला तर तेबी सोडा.”

यात बढाई नव्हती. तरुणपणी एका ठेकेदाराच्या गाडीवर असताना एकदा आडरानात त्यांचं डिझेल संपलं होतं. पाइपात हवा धरली, ती काढता काढता दिवस गेला आणि वर ठेकेदाराच्या शिव्या खाल्ल्या. तेव्हापासून हिशेब चुकवायचा नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात ते सुलतानपूरचं काम आटोपून निघाले. शालूबाई भाचीच्या लग्नासाठी मागे राहिल्या होत्या. दुपारचे दोन वाजले असतील. मेहकर दहा-अकरा किलोमीटर राहिलं असताना रस्त्याच्या कडेला एक पांढरी मोटार उभी दिसली. तिशी-पस्तिशीची एक बाई हात करत होती. भगवानरावांनी जीप खाली कच्च्या कडेला घेतली.

“काका, गाडी बंद पडलीय. मेहकरपर्यंत ओढून न्याल का?”

मोटारीत पुढच्या सीटवर एक म्हातारा माणूस मान मागे टेकून बसला होता. खिडकीच्या काचेवर त्याचा हात होता. भगवानरावांनी सीट उचलली, काडी टाकली. ओल दोन बोटंही नव्हती. म्हणजे दोन लिटर, फार तर. मागे गाडा होताच, तो जोडून मेहकर गाठता आलं असतं. वर ही मोटार बांधली तर अर्ध्या वाटेत इंजिन हवा धरणार. आणि यंत्रासकट गाडा रस्त्यावर सोडून जायचा, हेही मनाला पटेना.

“नाही पुरत, ताई,” ते म्हणाले. “मांगून येसटी येईनच.”

बाईनं एकदा मोटारीकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही. विचारलं होतं ओढून नेण्याचं, आणि भगवानरावांनी उत्तर दिलं डिझेलचं. ‘तुमी दोघं जीपमंदी बसा, मी सोडतो’ हे त्यांना सुचलंच नाही.

मेहकरच्या पंपावर त्यांनी सवयीनं पुन्हा काडी टाकली. ओल पाच बोटं आली. ते काडीकडे बघतच राहिले. मग ध्यानात आलं. कच्च्या कडेला जीप तिरकी उभी होती आणि डिझेल टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. ‘काडी सपाटीवरच टाकावी’ हे इतरांना शिकवणारा माणूस तो. सहा लिटर होतं. दोन्ही ओढून मेहकरला आणूनही उरलं असतं.

त्यांनी टाकी भरली. परत जावं असं एकदा वाटलं. मग वाटलं, इतक्या वेळात कोणी ना कोणी नेलंच असेल. पंपाशेजारी त्यांनी चहा घेतला आणि धाडचा रस्ता धरला.

दुसऱ्या दिवशी शालूबाईंचा फोन आला. “आमच्या गावचे गोपाळ मास्तर गेले हो. शाळेच्या गल्लीतले. गाडी बंद पडली अन् रस्त्यातच जीव गेला. पोरगी सोबत होती. म्हने, एक गाडी थांबली नाही.”

“हाव,” भगवानराव म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या हंगामात जीप बिघडली. बिघडली म्हणजे बंद नाही पडली, डिझेल प्यायला लागली. तेही सगळीकडे नाही. धाड ते मेहकर लिटरला सात, नेहमीसारखं. मेहकर ते सुलतानपूर मात्र चार. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, दर खेपेला. चिखलीच्या राम मिस्त्रीनं इंजिनाचा डिझेलपंप उघडला, जाळ्या धुतल्या, ब्रेक चिकटतात का ते चाकं उचलून फिरवून पाहिलं, पुढच्या चाकांचा दांडा अडकून राहतो का तेही पाहिलं.

“काही नाही, भाऊ. गाडी ठणठणीत आहे.”

“मंग चार कसा देते?”

“वजन जास्त घेऊन राह्यले असान.”

भगवानरावांनी वळून मागच्या गाड्याकडे पाहिलं. कारण त्या पट्ट्यात त्यांना खरोखर मागून ओढ लागल्यासारखी वाटायची. गाड्याची ओढ त्यांच्या पाठीला ठाऊक होती. ही त्याच्याही मागची होती. आरशात गाड्याच्या कडेनं पांढरं काहीतरी दिसायचं. वळण आलं की जायचं, सरळ रस्ता लागला की पुन्हा तिथंच. भर दुपारी, लख्ख उन्हात. कधी काचेवर टेकलेला हातही दिसायचा. त्यांनी आरसा दुमडून पाहिला. मग तर मागे काय आहे या विचारानं मानच अवघडली.

ते कोणाला बोलले नाहीत. जेवण कमी झालं. हंगाम संपल्यावरही ते अंगणात जीपची सीट उचलून काडी टाकत बसायचे. टाकायची, पुसायची, पुन्हा टाकायची.

एरवी बसनंच माहेरी जाणाऱ्या शालूबाई यंदा त्यांच्या शेजारी बसून सुलतानपूरला निघाल्या. मेहकर मागे पडलं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “अवं, हे काऊन असं?”

“काय?”

“गाडी दुसऱ्या गेरात रेकून राह्यली. मघापासून पाहून राह्यली मी. रस्ता सपाट, मोकळा. तुमी कोनाले तरी दोरानं बांधून आनल्यावानी चालवून राह्यले. झटका नोको बसाले म्हनून.”

भगवानरावांनी खाली पाहिलं. डावा हात गेरच्या दांड्यावर घट्ट होता. दांडा दुसऱ्यात होता. आपण तो कधी खाली आणला, हे त्यांना आठवेना. दोन वर्षं इथून जाताना-येताना आपणच ती मोटार हळू हळू, जपून ओढत होतो, जीप बिचारी सांगू तसं पीत होती, हे त्यांना कळलं आणि त्यांनी जीप बाजूला घेतली. स्टेअरिंगवर डोकं ठेवून त्यांनी सगळं सांगितलं.

“पाच बोटं होतं?” शालूबाईंनी विचारलं.

“पाच.”

“मंग चाला. हे मले सांगून काय फायदा? तिले सांगा.”

मास्तरांची मुलगी निवेदिता बुलढाण्याला एका कार्यालयात नोकरीला होती, पण सुट्टीसाठी घरी आलेली होती. दार तिनंच उघडलं. भगवानरावांनी उंबऱ्यावर उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली, बसा म्हणायचीही सवड दिली नाही. काडी, तिरकी टाकी, पाच बोटं, पंप, चहा. चहासुद्धा सांगितला.

निवेदिता ऐकत राहिली. मग म्हणाली, “ओढायचं राहू द्या. जीपमध्ये बसवून नेलं असतं ना आम्हाला?”

“नेलं असतं. सुचलं नाही, ताई.”

“मलाही म्हणायचं सुचलं नाही.” ती खुर्चीत बसली. “बाबांना घाम सुटला होता. छातीत दुखतंय म्हणाले होते. पण लोकांना सांगू नको, उगीच बोभाटा होतो, गाडी बंद पडलीय एवढंच सांग, असं म्हणाले. मी तेवढंच सांगितलं.” थोडं थांबून ती म्हणाली, “नंतर सगळ्यांना सांगितलं की एकही गाडी थांबली नाही. तुम्ही थांबला होता असं सांगितलं असतं, तर मग मी काय बोलले, तेही लोकांनी विचारलं असतं.”

आतल्या खोलीत पंखा फिरत होता. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला.

“काका,” निवेदिता एकाएकी म्हणाली, “त्या जागेपासून मेहकरच्या दवाखान्यापर्यंत किती वेळ लागला असता?”

भगवानरावांनी अंदाज सांगितला नाही. पहिल्यांदाच त्यांना तो सांगवेना.

“मला न्या एकदा. तसंच. ओढत नेल्यासारखं.”

गाडा अंगणात सोडून तिघं निघाले. त्या जागी एक बाभूळ होती, निवेदितानंच ती दाखवली. तिनं मोबाइलवर वेळ पाहिली आणि मान हलवली. भगवानरावांनी दुसरा गेर टाकला. मागून ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेले, दुचाकीवाल्यांनी वळून वळून पाहिलं. चढावर त्यांनी आणखी हळू घेतलं. आरशात ते पांढरं होतंच. आज त्यांनी नजर चुकवली नाही. निवेदिता मागच्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, वाटभर मागेच पाहत बसली होती. तिला काय दिसत होतं ते त्यांनी विचारलं नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी जीप थांबली.

“चौतीस मिनिटं,” ती म्हणाली.

शालूबाईंनी हळूच विचारलं, “अन् मास्तर किती वेळ...?”

निवेदितानं मोबाइल पिशवीत टाकला. “तेच तर माहीत नाही, मावशी. डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोप लागलीय. उठवायचं नाही म्हणून मी बाहेर सावलीत उभी राहिले. चुलतभाऊ लोणारहून गाडी घेऊन आला, त्यानं हाक मारली तेव्हा कळलं.”

चौतीस मिनिटं कशाशी ताडून पाहायची, हे तिघांनाही ठाऊक नव्हतं. फाटकातून माणसं येत-जात होती. भगवानरावांनी इंजिन बंद केलं. तेवढ्यात आलेली शांतता त्यांना सोसेना, म्हणून त्यांनी पुन्हा चालू केलं आणि मग पुन्हा बंद केलं.

शालूबाई उतरून मागे गेल्या, निवेदिताजवळ बसल्या. तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “पोरी, परवा मिरची घेऊन येजो. तुह्यं पहिलं कांडून देईन.”

“आमच्याकडे आता तिखट कोणी खात नाही, मावशी,” निवेदिता म्हणाली. “बाबाच खायचे.”

“तरी येजो,” शालूबाई म्हणाल्या.