वाळवणाचं मैदान

रोह्याच्या शाळेत मी नोकरीभर नागरिकशास्त्र शिकवलं. मुलांना तो विषय नावडता, आणि शिक्षकांच्या खोलीत तो कुणाच्या तरी गळ्यात मारायचा विषय. मला मात्र मनापासून आवडायचा. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आला की वर्गात दरवर्षी तोच गोंधळ. "बाई, कोयता चालेल? बाई, पप्पांच्या कंपनीतला पाना?" धाटावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणाऱ्यांची मुलं ती, त्यांना हत्यार म्हणजे पाना-पकडच आठवणार. मी हसू दाबायची आणि फळ्यावर 'विनाशस्त्र'खाली रेघ ओढायची. हा हक्क आपल्याला स्वतःला कधी वापरावा लागेल, असं काही मला वाटलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर पेणला मुलीच्या घराजवळ राहायला आले. आमच्या आळीतल्या बायका पोह्याचे पापड लाटतात, मिरगुंडं आणि कुरडया घालतात. थंडी सरली की आळीमागच्या मोकळ्या मैदानात खाटा, चटया, जुन्या साड्या पसरतात आणि त्यांवर वाळवण पडतं. माझी शेजारीण या कामात सगळ्यांच्या पुढे. नवरा गेल्यापासून तिचं घर वाळवणावरच चालतं, त्यातूनच मुलगी नर्सिंग शिकतेय. तिच्या घराला ना गच्ची, ना अंगण. मैदान आहे म्हणून तिचा धंदा आहे.

एका वर्षी ऐन मोसमात त्या मैदानाला तारेचं कुंपण पडलं आणि फाटकाला कुलूप लागलं. वर नगरपरिषदेचा 'विनापरवाना वापर बंद' असा बोर्ड. शेजारीण माझ्याकडे आली ती रडत नव्हती, चांगली तापली होती.

"बाई, एवढी वर्षं पोरांना शिकवलंत, आता आमाला सांगा काय करायचं."

"जमायचं," मी म्हटलं.

जमल्या. हाताला पीठ, पदर खोचलेले आणि निम्म्याजणींच्या हातात लाटणी! इथे कुणी आपलं लाटणं दुसरीच्या हवाली करत नाही, हाताला बसलेलं असतं ते. मला घामच फुटला. नगरपरिषदेच्या दाराशी मी सगळ्यांना थांबवलं आणि लाटणी पहारेकऱ्याकडे ठेवायला लावली.

"बाई, लाटनं काय तलवार हाय व्हय?" एकीनं विचारलं.

मी ऐकते कसली! तो बिचारा मांडीवर लाटण्यांचा भारा घेऊन बसून राहिला.

आतले साहेब तरुण होते, नीट बोलणारे होते. "मैदान कोणाच्या मालकीचं आहे, माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांच्या," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. सार्वजनिक जागा सांभाळणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे, तेही आम्ही करू, रोज झाडून घेऊ, हेसुद्धा सांगितलं. साहेबांनी कुलूप काढायला लावलं. परतताना मी सगळ्यांना उसाचा रस पाजला. इतकी खूश मी निकालाच्या दिवशीही कधी झाले नव्हते.

हा आनंद आठवडाभर टिकला. मग मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जुनी जाळी पसरली गेली आणि तिच्यावर कोलंबीसारखा बारीक जवळा. पलीकडच्या वस्तीतल्या कोळणींची खाडीकाठची वाळवायची जागा बांधाच्या कामात गेली होती. वारा फिरला की जवळ्याचा वास थेट पापडांवर.

"पापडाला वास लागला तर दुकानदार माल परत करील," शेजारीण म्हणाली. "तुमी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

मी गेले. त्यांच्यातली एक म्हातारी जवळा हाताने पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "मैदान सगल्यांचा हाय, असा तुमीच बोलल्या ना, बाय?"

बातमी तिथवर पोचली होती तर! मला राग आला, आणि ती बोलली त्यात काही खोटं नव्हतं म्हणून जास्तच आला. मी तशीच परत आले.

शेवटी शेजारीण आणि म्हातारी भर उन्हात उभ्या राहून कडकडून भांडल्या आणि भांडता भांडताच त्यांनी वाटणी केली. दुपारचा वारा खाडीकडून येतो, म्हणून पापड त्या बाजूला आणि जवळा पलीकडच्या कुंपणाच्या बाजूला. तरी शेजारणीचं तोंड वाकडंच. त्यानंतर ती कोळणींशी एक शब्द बोलली नाही.

मग मैदानासमोरच्या नव्या इमारतीतून वासाची तक्रार गेली. साहेबांनी शेजारणीला आणि मला बोलावून घेतलं, कोळणींना नाही. या वेळी चहा मागवला.

"पापडवाल्यांना आम्ही रीतसर परवानगी देतो," ते म्हणाले. "पुन्हा कुलपाची भीती नको. मासे तेवढे बंद करू. तुमची हरकत नाही एवढं सांगा, म्हणजे झालं."

नको म्हणणं मला सोपं होतं, मला पेन्शन आहे. हिच्यासाठी ती परवानगी म्हणजे मुलीच्या शिक्षणाची निश्चिंती होती. तरी बोलायला मी तोंड उघडलं, तर शेजारणीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"साहेब, जवळ्याचा वास मला पन सोसत नाय. पन ते आमचं भांडान हाय, आमी भांडू. आज तिला भाइर काढून मला आत घ्याल. उद्या कोनाला माज्या पापडांचा तरास झाला, तर माज्या बाजूनं कोन येनार? कुलूप लावायचं तर दोघींना लावा."

"मग तुमचीही परवानगी राहील बाजूला."

"राहू दे," ती म्हणाली. समोरचा चहाचा कप तिने मागे सारला.

साहेब "बरं, बघू" म्हणाले. परवानगी आजतागायत मिळालेली नाही. कुलूपही पुन्हा लागलेलं नाही. 'बंधुता' शिकवताना मला धड उदाहरण सापडायचं नाही, मी आपली शब्दाचा अर्थ सांगून पुढचा धडा घ्यायची. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला माझा सगळा वर्ग तिथे हवा होता. डोळे भरून आले, ते मी चहाच्या वाफेवर ढकलले.

बाहेर आल्यावर शेजारीण घरी गेली नाही, तडक मैदानात गेली. म्हातारीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"जाळी आजून पलीकडं सरकव गो. नाय तर मीच तक्रार करीन."

म्हातारीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि जाळी ओढायला घेतली. जवळ्याने भरलेली ती जाळी एकटीला हलेना. शेजारणीने पदर खोचला, वाकली आणि दुसरं टोक धरलं.