मर्लच्या पिकअपचे स्टड

एक चाक आपल्या खिडकीशेजारून पुढे पळताना दिसलं, तेव्हा मर्ल ट्रेगेन्झाला क्षणभर वाटलं, कुणा बिचाऱ्याचं निघालं! तेवढ्यात तिच्याच पिकअपची मागची बाजू धाडकन खाली बसली आणि मागे रचलेल्या अंड्यांचा, पिठाचा, सॉसच्या बाटल्यांचा काला झाला.

साऊथ ऑस्ट्रेलियात शेडोशेड फिरून मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या गड्यांना रांधून घालणं, हा मर्लचा जन्माचा धंदा. साठी उलटलेली, नवरा डेन्झिल गेल्यापासून एकटी. गडी तिच्या हातच्या मटणावर खूश आणि तिच्या तोंडाला वचकून.

ती खाली उतरली. चाक धरून ठेवणारे स्टड, म्हणजे आट्यांचे बोल्ट, मुळापासून तुटले होते. एकच उरला होता, त्याच्या टोकाचे जेमतेम तीन आटे झिजलेले. म्हणजे नट तेवढ्यावरच तगून होता! मागच्या महिन्यात दीर गार्थने तिला न विचारता लोखंडी चाकं काढून आपली जाडजूड अ‍ॅलॉय चाकं चढवली होती; त्या जाडीला जुने स्टड आखूड पडले होते. वर विचारत होता, "आलं की नाही गाडीला रूप?"

"रूप!" मर्ल त्या ओसाड रस्त्यावर एकटीच ओरडली.

गाडी ओढून घरी आणल्यावर तिने जुन्यापेक्षा लांब आणि दणकट स्टड मागवले. चारी चाकांचे. ते आले त्या सकाळी ती हातोडा घेऊन अंगणात बसली आणि जुने एकेक ठोकून बाहेर काढू लागली. तेवढ्यात गार्थ आला.

"सर बाजूला, मर्ल. मी करतो."

"तूच केलंयस. तेच निस्तरतेय."

"एवढं काय चिडायचं? वाचलीस ना?"

"त्याचंही श्रेय तूच घे!"

गार्थने तोंड पाडलं. "डेन्झिलची गाडी अशी भंगारात काढल्यासारखी दिसायची. बघवेना मला."

हातोडा थांबला.

"कुणाची गाडी?"

"म्हणजे... दादाची..."

"तुझ्या दादाचं तोंडही पाहिलं नव्हतं तेव्हा घेतलीय मी ही. चुलीपुढे भाजून घेऊन. तुझा दादा शेजारी बसायचा, आणि रेडिओ लावायचा तर मला विचारून लावायचा! तो गेला म्हणून तुम्ही सगळे माझे मालक झालात का रे?"

गार्थ आपल्या चाकांकडे बघत उभा राहिला.

"उभा काय राहिलास? खुराड्यामागे माझी चाकं टाकलीयस, ती आण. आणि तुझी घेऊन चालता हो."

त्याने चाकं आणली. मर्लने वॉशर घालून, नट उलट्या बाजूने चढवून आवळत एकेक नवा स्टड आत ओढून घेतला. हाताची सालं निघाली, तरी तिने त्याच्याकडे पाना दिला नाही.

पुढच्या शेडवर जाताना तिने वाटेत थांबून सगळे नट पुन्हा आवळून पाहिले. एकही तसूभर हलला नव्हता.

संध्याकाळी गार्थचा फोन आला. "गाडी नीट चालली ना?"

"माझी गाडी नीट चालली," म्हणून तिने फोन ठेवला आणि बटाटे सोलायला घेतले.

त्या वर्षी मर्लकडे नाताळच्या जेवणाला सगळं गणगोत होतं. गार्थला बोलावणं गेलं नाही.