काशिनाथसाठी वाजलेली ताटं

सदाशिवरावांनी पहिल्याच भेटीत मला भर सभेत गप्प केलं होतं. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात आपण कधी लेख लिहू, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकच्या आमच्या वसतिशाळेत इतिहास शिकवायला लागले. त्या जानेवारीत युद्धकाळातल्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असताना जी मुलं इथे राहत होती, त्यांचा. ‘मुलं’ म्हणायचं एवढंच. सगळ्यांनी साठी ओलांडलेली. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. दिवंगत मित्रांसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं, असं मी जाहीर केलं, तोच मागून खणखणीत आवाज आला, “बाई, ही पोरं जिवंत असताना कधी दोन मिनिटं गप्प बसली नाहीत. आता त्यांच्या नावानं आपण का बसायचं?” सगळे हसले. मी मात्र मनातून चांगलीच चिडले.

मग त्यांची रीत पाहिली आणि राग ओसरला. युद्धाच्या दिवसांत धान्याची टंचाई होती, जेवण उशिरा यायचं, आणि मुलं वाटीनं ताटं बडवून वसतिगृह डोक्यावर घ्यायची. तीच ताटं सदाशिवरावांनी मेळाव्यात आणली. गेलेल्या मित्राचं नाव घ्यायचं, कुणीतरी उठून त्याची एक खरी खोडी सांगायची, आणि मग सर्वांनी मिळून ताटं वाजवायची. त्यानंतर ज्वारीच्या कण्या आणि गुळाचा चहा. गेलेला माणूस न्यायाधीश असो की कारखानदार, त्याच्या हुद्द्याचा उल्लेख करायला बंदी. “ते वर्तमानपत्रात छापून आलंय,” सदाशिवराव म्हणत, “आपण फक्त खोडी सांगायची.”

सदाशिवराव दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. छाटणी, फवारणी, तोडणी ह्यांतून उसंत मिळणं कठीण. पण मेळाव्याआधी महिनाभर ते मित्रांच्या घरी फिरून खोड्या गोळा करत. त्यांचा माझ्यावरचा एक उपकार इथे सांगितलाच पाहिजे. मुलांच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून माझं नाव आलं, तेव्हा बरीच कुजबुज झाली. बाईमाणसाला कसं जमणार? सदाशिवराव पालकसभेत उभे राहिले आणि म्हणाले, “मला इथे गोवर निघाला तेव्हा औषध हेडमास्तरांनी दिलं. पण पांघरूण घातलं ते त्यांच्या मंडळींनी. मला आज औषधाची चव आठवत नाही.” एवढं बोलून ते बसले आणि विषय संपला. दिवाळीत ज्या मुलांना घरी जाणं जमत नाही, त्यांची दिवाळी आजही सदाशिवरावांच्या मळ्यावर होते, हे सर्वांना ठाऊक आहेच.

त्या पिढीची सर्वांत गाजलेली खोडी म्हणजे धोक्याची घंटा. देवळाली कॅम्पच्या तोफांचा सराव आजही ऐकू येतो आणि आमची मुलं मानही वर करत नाहीत. तेव्हा मात्र विमानहल्ल्याच्या भीतीनं मैदानावर खंदक खणले होते आणि घंटा झाली की त्यांत उड्या टाकायच्या असत. सहामाहीच्या गणिताच्या पेपरला, ऐन मध्यावर, ती घंटा झाली. मुलं आणि मास्तर गुडघाभर चिखलात उतरले. पेपर रद्द झाला आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा घेतला गेला. घंटा वाजवणारा काही सापडला नाही. पुढे मात्र दर मेळाव्याला कुणीतरी उठून तो पराक्रम आपला म्हणून सांगे. सदाशिवराव एकच प्रश्न विचारत, “कशानं वाजवलीस?” उत्तर येई, “टोल्यानं,” म्हणजे घंटा बडवायच्या हातोडीनं. त्यावर ते म्हणत, “बस खाली.” का, ते कुणालाच सांगत नसत. एका नामांकित डॉक्टरांना तर त्यांनी दोनदा खाली बसवलं होतं.

आणि एका नावाला कधीच ताट वाजलं नव्हतं. ते नाव काशिनाथचं. सुरगाण्याच्या डोंगरातून आलेला हा मुलगा वय वाढवून सांगून सैन्यात भरती झाला, ब्रह्मदेशाकडे गेला आणि परत आला नाही. मुलगा इतका अबोल की त्याची एकही खोडी कुणाला आठवेना. आठवणारे एकेक करून कमी होत होते आणि सदाशिवरावांचा जीव खालीवर होत होता. “आम्ही संपलो की हा पुन्हा एकदा मरणार, बाई,” ते म्हणत. एकानं सुचवलं, एखादी खोडी रचून सांगू, कुणाला कळतंय? सदाशिवराव कडाडले, “मेलेल्या माणसावर खोटा आळ घ्यायचा?”

तीन वर्षांपूर्वी पालकसभेला सुरगाण्याकडचे एक गृहस्थ आले. गावाचं नाव ऐकताच सदाशिवरावांनी चौकशी केली, तर काशिनाथ त्यांचा मामा निघाला. काशिनाथची धाकटी बहीण, म्हणजे ह्या गृहस्थांची आई, हयात होती. आम्ही दोघं एसटीनं गेलो. म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. “मी काशिनाथच्या शाळेतला,” एवढंच सदाशिवराव बोलले. तिनं सूप खाली ठेवलं.

“तू सदा का रं? गनिताला भ्यायचा तोच ना?”

सदाशिवराव तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

“दादा सुटीला आला का निस्त्या तुमच्याच गोष्टी. कोन झोपंत बोलतो, कोन जेवताना गातो. आम्ही हसून हसून मरू.” मग ती सदाशिवरावांकडे वळली. “तुझा बाप तुला शाळंतून काढनार व्हता ना, नापास झाला तर? तू लय रडला म्हने. मंग दादानं घंटा वाजवली. तापानं फनफनला व्हता, तरी उठून गेला.”

मी पडले इतिहासाची. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर, हा माझा खाक्या. मी तोंड उघडण्याआधीच सदाशिवरावांनी हलक्या आवाजात विचारलं, “ताई, कशानं वाजवली?”

“पान्याच्या तांब्यानं. पार चेपला म्हने. नाय सापडला टोला, तर काय करंल तो?”

सदाशिवरावांनी डोळ्यांना उपरणं लावलं. परतीच्या एसटीत त्यांनी उलगडा केला. त्या दिवशी खंदकातून वर आल्यावर घंटेखाली त्यांना एक चेपलेला तांब्या दिसला होता. कुणी पकडलं जाऊ नये म्हणून त्यांनी तो गुपचूप स्वयंपाकघरातल्या भांड्यांत सरकवला आणि पन्नासहून अधिक वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. तापात पडलेल्या काशिनाथवर त्यांचा संशयच गेला नव्हता. “त्या दिवशी मी नक्की नापास झालो असतो, बाई,” ते म्हणाले, “वाढीव आठवड्यात घोकून कसाबसा तरलो. आणि मी ह्याला अबोल म्हणत बसलो.”

पुढल्या जानेवारीत म्हातारी पहिल्या रांगेत होती. सदाशिवराव उभे राहिले आणि त्यांनी काशिनाथची खोडी सांगितली. पहिली वाटी ताटावर आपटली ती त्या डॉक्टरांनी. मग असा गजर झाला की म्हातारी आधी दचकली. काय चाललंय हे तिच्या ध्यानात आलं, तशी तिनंही वाटी उचलली आणि सगळे थांबले तरी ती ताट वाजवतच राहिली.

सदाशिवरावांनी त्याच दिवशी मला बजावलं, “माझी खोडी तुम्ही सांगायची.” मी तेव्हा मान डोलावली होती. आज ह्या ग्रंथात, सर्वांसमक्ष, मी तो शब्द मागे घेते. तुमच्या खोड्या इतक्या आहेत की त्यांतली एक निवडायला मला निदान पंचवीस वर्षं हवीत. तेवढी वर्षं ठणठणीत तब्येतीनं जगा, सदाशिवराव, आणि दर जानेवारीला मागच्या रांगेतून ओरडा. आम्हाला दोन मिनिटंसुद्धा गप्प बसू देऊ नका.