बांधीत आता काय पेरलं

ब्रह्मपुरी बसस्टँडजवळच्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. दुपारी तीनला माझ्या मुलीला कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचं होतं. लॅपटॉपचा टचपॅड माऊसचं आणि आकडे टाकण्याचं, दोन्ही कामं करणारा होता. पण आकड्यांसाठी बोट टेकलं तरी बाणच पळायचा.

त्यानं शर्टाला बोट पुसून तीनदा टेकवून पाहिलं.

"टचपॅड बरा आहे भाऊ. तो चालवणाऱ्या प्रोग्रामनं, ड्रायव्हरनं, त्याले कायमचा माऊस ठरवून टाकलं."

"मग काय ठरवायचं?"

"धान निघाल्यावर बांधीत, त्याच वावरात, नुसत्या ओलीवर येणारी लाखोळी पेरता ना? तवाबी तिले धानाचीच बांधी समजून पाणी सोडसान का? आता काय पेरलं, ते पाहा लागते."

त्यानं दुसरा ड्रायव्हर टाकला. मुलीनं सात दाबला, पडद्यावर सातच आला. मग ती हसत दाबतच राहिली. मी सतरा आकडे मोजले. एकही चुकला नाही.

"पोरी, पावणेतीन झाले," तो म्हणाला, आणि स्वतःच अठरावा दाबून पाहिला.